पोळ्याच्या दिवशी अडून बसलेला मेनू

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगायचं तर हसायला म्हणून. ओढ्याकाठची पांढरी बाई, रानातला चकवा, मागून आलेली हाक... वाचून झालं की मी नवऱ्याला विचारते, "या भुतांना लाईट गेल्याशिवाय काहीच कसं सुचत नाही हो?" मी फिजिक्सची बाई. आयुष्यभर कॉलेजात वीज शिकवली. आमच्या घरात लिंबू आणि मिरची फक्त लोणच्यात एकत्र येतात. त्यामुळे माझं पत्र इथे छापून आलं तर माझे जुने विद्यार्थी चक्रावतील. चक्रावू देत.

आधीच सांगते — माझ्या अनुभवात भीती औषधालाही नाही. तो दिवस आठवला की मला आजही हसू फुटतं. पण त्याचं उत्तर काही सापडत नाही, आणि न सुटलेलं गणित पोटात ठेवून गप्प बसायचा माझा स्वभाव नाही. म्हणून लिहायला बसले.

गाव वालूर, तालुका सेलू, जिल्हा परभणी. औरंगाबादच्या विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच वर्षीचा पोळा. वेळ सकाळपासून दुपारपर्यंतची, चांगलं लख्ख ऊन पडलेलं — म्हणजे भुतांच्या ड्यूटीची वेळच नव्हे.

मी तेव्हा एम.फिल. करत होते. अतिशय पातळ थरांमधून वीज कशी वाहते, हा विषय. लग्न झालेलं नव्हतं, आई-आबांजवळ वालूरलाच राहत होते. माझा धाकटा भाऊ दिलीप पुण्याला एका कंपनीत होता. कंपनीने जुने कॉम्प्युटर काढून टाकले तेव्हा त्यातला एक त्याने माझ्यासाठी मागून घेतला आणि गोधडीत गुंडाळून चक्क एसटीच्या टपावरून गावी आणला. सोबत एक प्रिंटर, तो छापायला लागला की गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज करायचा. गावाने टीव्ही पाहिला होता. पण ज्याच्यावर बातम्याही लागत नाहीत आणि सिनेमाही लागत नाही, असला टीव्ही लोकांना नवा होता. पहिले काही दिवस बघायला येणाऱ्यांना चहा करून करून आई बेजार झाली. आबा प्रत्येकाला एकच ओळख करून द्यायचे — "हे शकूचं औत."

मांडणी नीट सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. पुढच्या खोलीत खिडकीला लागून टेबल. टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी स्टुलावर प्रिंटर. गावात व्होल्टेजचा काही नेम नाही म्हणून टेबलाखाली लोखंडी पेटीसारखा स्टॅबिलायझर. कॉम्प्युटर, पडदा, प्रिंटर सगळ्यांच्या वायरी त्या पेटीत, आणि पेटीची एकच जाड काळी वायर भिंतीवरच्या बोर्डात. बस, एवढीच. आजच्यासारखी बॅटरी, इन्व्हर्टर असलं काही नव्हतं. लाईट गेली की पडदा काळा, आणि तोवर जे सेव्ह केलेलं नसेल ते गेलंच समजायचं.

प्रबंध जमा करायची शेवटची तारीख होती पोळ्याचा दुसरा दिवस. त्या दिवशी औरंगाबादला विद्यापीठात प्रबंध पोचला नाही तर माझी नोंदणीच रद्द होणार होती. त्यात सेलूजवळच्याच एका कॉलेजात फिजिक्सची जागा निघाली होती, मुलाखत पुढच्या आठवड्यात, आणि प्रबंध जमा केल्याची पावती दाखवल्याशिवाय ते आत बसूही देणार नव्हते. आबांनी तर अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं, "आमची शकू प्रोफेसर व्हायलीय." मला झोपेतही ते वाक्य ऐकू यायचं.

बाकी प्रकरणं छापून तयार होती. अडलं होतं शेवटचं. माझ्या मार्गदर्शक सरांनी ते लाल शाईने रंगवून परत पाठवलं होतं, आणि मी ते अक्षरशः नव्याने लिहीत होते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आबांनी नेहमीप्रमाणे खांदेमळणी केली. आमच्या हौश्या-नवश्याच्या खांद्यांना तूप-हळद चोळली, आणि दोघांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मग तीच हळदीची वाटी घेऊन ते माझ्या खोलीच्या दारात उभे.

"ह्याला बी देऊ का आवतण? वर्सभर राबायलंय की तुझ्यासाठी."

मी मान वर न करता म्हणाले, "आबा, त्यात हळद गेली तर खराब होईल. त्याला सण-बिण नसतो."

"आसं कसं. राबतंय त्याला सण आसतो." एवढं बोलून ते गेले.

पोळ्याच्या दिवशी मी पहाटेच बसले. वीज दुपारनंतर बहुतेक जायचीच, म्हणून त्याआधी सगळं संपवायचं ठरवलेलं. बाहेर ओढ्यावरून बैल धुऊन आणायची गडबड, शिंगं रंगवायची घाई, स्वयंपाकघरातून पुरणाचा वास... आणि मी आकड्यांत बुडालेली. हात असा चालला होता की सेव्ह करायचंही भान राहिलं नाही. शेवटचा पूर्णविराम दिला आणि खुर्चीतच दोन्ही हात वर केले. झालं. आता सेव्ह करायचं, प्रिंट काढायची, बैलांच्या मिरवणुकीला जायचं.

माऊसचा बाण वरच्या पट्टीवर नेला, बटण दाबलं. मेनू उघडेना.

पुन्हा दाबलं. काही नाही. शेजारचा मेनू, त्याच्या शेजारचा... सगळे मुके. बाण मात्र छान इकडून तिकडे फिरत होता, म्हणजे माऊस जिवंत होता. तरी मी तो उलटा केला, पोटातली गोळी काढली. चाकांवर कापसाचे तंतू गुंडाळलेले होते — आमच्याकडे कापूस कुठे नसतो? ते काढले, गोळी पुसून परत बसवली. बाण आणखी झकास पळायला लागला, मेनू तसाच. मग कीबोर्डवरून प्रयत्न केले. जोडीने दाबायची जी जी बटणं दिलीपने शिकवली होती ती सगळी दाबून पाहिली. साधी अक्षरं पडद्यावर उमटत होती, पुसलीही जात होती, पण हुकूम एकही ऐकत नव्हतं. थोडा वेळ हात लावला नाही, म्हटलं शांत होईल. मग परत दाबलं. छे.

एरवी अशा वेळी बंद करून पुन्हा चालू करायचं. पण बंद केलं की सकाळपासूनचं सगळं प्रकरण पुसलं जाणार, आणि ते पुन्हा लिहायला माझ्याकडे ना दिवस होता ना डोकं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंसुद्धा नाही.

आबा दारात आले. डोक्याला नवा फेटा, हाताला हिंगुळाचा रंग. बैल जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही म्हणून सकाळपासून उपाशी, पण चेहरा लग्नघरच्या कारभाऱ्याचा.

"काय झालं, माय?"

"आबा, हे ऐकेना. सगळं दिसतंय, पण काही करू देत नाही."

त्यांनी थोडा वेळ पडद्याकडे टक लावून पाहिलं. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "कसं ऐकंल? आज पोळा हाय. आज कुणी औत जुंपतंय का?"

"आबा, चेष्टा नका करू."

"मी कुठं चेष्टा करायलोय."

मी दिलीपला फोन करायला उठले. निघताना बजावून सांगितलं, "याला कुणी हात लावायचा नाही. आणि भिंतीवरचं बटण तर अजिबात बंद करायचं नाही. ते बंद झालं तर माझं वर्ष गेलं."

"न्हाई करत बंद. जा तू."

एसटीडी बूथ बसस्टँडजवळ. बूथवाले रशीदभाई माझा चेहरा बघून आधी म्हणाले, "ताई, पैले पानी पिओ." दिलीप कंपनीत सापडला. मी सगळं सांगितलं, त्याने एकेक विचारलं — गोळी साफ केलीस का, अमुक बटण दाबलंस का, तमुक दाबलंस का. सगळं केलं होतं. शेवटी त्याची यादी संपली. मग हळूच म्हणाला, "शकूताई, बंद करून चालू करण्यावाचून दुसरा मार्ग न्हाई. जेवढं आठवतंय तेवढं परत लिही." बूथबाहेर उभ्या असलेल्या मंडळींनी आमचं बोलणं भक्तिभावाने ऐकलं होतं. एकाने विचारलं, "बैल अडला का?" मी हो म्हणाले. समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

परत येईपर्यंत मी मनाशी ठरवून टाकलं होतं. बंद करायचं, आणि आठवेल तसं लिहायचं. घरात शिरले आणि जागीच थबकले.

कॉम्प्युटरचा पोळा झाला होता. पडद्यावर रंगीत गोंडे लावलेले, हौश्याच्या शिंगांना बांधतात तसले. बाजूला झेंडूची माळ. कपाळावर, म्हणजे कंपनीचं नाव असतं त्या पट्टीवर, हळदीकुंकवाची बोटं. प्रिंटरलाही एक बोट, त्याने काय पाप केलं होतं? समोर ताटात पुरणपोळी, वर तुपाची धार. आणि आबा कीबोर्डकडे वाकून म्हणत होते, "कालच्याला आवतण द्यायचं ऱ्हाऊन गेलं बाबा. लेकरू हाय, तिच्यावर राग धरू नको. आज जेव."

दारात आई तोंडाला पदर लावून हसत होती. मला रडावं की ओरडावं कळेना. पण पडदा चालू होता. माझं प्रकरण जसंच्या तसं समोर होतं, शेवटच्या पूर्णविरामापुढे ती छोटी रेघ लुकलुकत होती. बटण बंद केलं नाहीये, एवढं बघून माझा जीव भांड्यात पडला.

"आता बघ बरं," आबा म्हणाले.

मी बसले, ते केवळ त्यांचं मन राखायला. बाण वर नेला. दाबलं.

मेनू उघडला.

सुरसुरत, एखाद्या शहाण्या पोरासारखा खाली उघडला, सगळी ओळनओळ हजर. मी आधी सेव्ह केलं. मग पुन्हा सेव्ह केलं. मग तिसऱ्यांदा, कारण हात थांबेना. आबा नुसते मिशीत हसत होते, त्यांच्या दृष्टीने यात नवल कसलंच नव्हतं.

प्रिंट सोडली आणि प्रिंटरची गिरणी सुरू झाली. कागदामागून कागद बाहेर यायला लागला. आवाज ऐकून शेजारपाजारच्या बायका आल्या, रस्त्याने बैल घेऊन मारुतीकडे निघालेले दोघं-तिघं खिडकीशी थांबले, आणि खिडकीतून एक सजवलेला बैलही आत डोकावला. बाहेर हलगी वाजत होती, आत प्रिंटर. आईने लाजत लाजत नव्या कागदाला कुंकू लावलं, ते मी लावू दिलं. मुखपृष्ठाचं पान सगळ्यांत शेवटी छापलं, त्यावर विद्यापीठाचं नवं नाव होतं. खिडकीतल्या एकाने ते मोठ्याने वाचलं आणि पान परत देताना म्हणाला, "तुझं बी नाव हाय की ह्याच्यावर." मी म्हणाले, "हो. माझं बी."

त्या गडबडीत माझी नजर एकदा टेबलाखाली स्टॅबिलायझरवरच्या, व्होल्टेज दाखवणाऱ्या काट्याकडे गेली. एरवी हा काटा तापाच्या पेशंटसारखा थरथरत असायचा. आज मात्र बरोबर दोनशे तीसवर, जराही न हलता उभा. मला बरं वाटलं. म्हटलं, सणाचं म्हणून वीजवाल्यांनीही चांगली वीज दिली.

सगळी पानं नीट लावून ठेवली. आई म्हणाली, "चल आता, बैल दारात आलेत, ववाळायचंय." सगळं सेव्ह झालेलंच होतं, म्हणून कॉम्प्युटर बंद करायला मी सरळ भिंतीवरच्या बोर्डाकडे वळले.

बटण चालू होतं. खाली प्लगची भोकं रिकामी होती.

मला वाटलं मी चुकीचा बोर्ड बघतेय. पण खोलीत बोर्ड तो एकच. मग मी वायरीचा माग काढला. स्टॅबिलायझरमधून निघालेली ती जाड काळी वायर भिंतीवरच्या खुंटीवर, बैलांच्या दाव्यांशेजारी, नीट वेटोळं करून अडकवलेली होती. प्लगच्या तिन्ही पितळी पिना हवेत. आणि माझ्या पाठीमागे पडदा चालू, प्रिंटरचा हिरवा दिवा चालू, काटा दोनशे तीसवर.

"आबा," मी विचारलं, "ही वायर कुणी काढली?"

"मीच की. तू फोनला गेलीस तवाच."

"मी बंद करू नका म्हणाले होते ना?"

"बटन कुठं बंद केलंय? चालूच हाय बघ." ते खरंच होतं. "पन मानेवर जू ठिवून कुणी निवद दावतंय का? पैलं जू काढलं, मग हळद लावली."

मी प्लग हातात धरून तशीच उभी. वेडीसारखी पिनांना बोट लावून पाहिलं. गार. प्लग परत लावायचंही सुचेना. फिजिक्सची बाई, हातात वायर, विषय वीजवहन. आबांना माझा चेहरा बघून काय वाटलं कोण जाणे, ते पुढे आले आणि बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा हात त्यांनी कॉम्प्युटरवर ठेवला.

"झालं न्हवं शकूचं सगळं? मग बस आता, बाबा."

पडदा आक्रसत गेला, मधोमध एक पांढरा ठिपका उरला, आणि तोही गेला. काटा शून्यावर पडला. खोलीत एकदम शांतता झाली आणि बाहेरची हलगी मोठी ऐकू यायला लागली.

मला भीती वाटली नाही, हे मी शपथेवर सांगते. मला इतकं हसू आलं की मी खाली फरशीवर बसले, आणि हसता हसता रडले, आणि आईला वाटलं पोरीला अभ्यासाचा ताण झेपला नाही. मग आम्ही बैलांना ओवाळलं. हौश्याला मी स्वतः पोळी भरवली. आबा जेवायला बसले तेव्हा मीही त्यांच्या ताटाशेजारी बसून त्या दिवसातला पहिला घास घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी औरंगाबादला पोचले. कागद हातात होते, शाई खरी होती. प्रबंध जमा झाला, पावती मिळाली, मुलाखत झाली आणि ती जागा मला मिळाली. हे सगळं कागदोपत्री आहे. फक्त ते शेवटचं प्रकरण कोणत्या विजेवर छापलं, हे कुठेही नाही.

मी शोध घेतला नाही असं समजू नका. दिलीप दिवाळीला आला तेव्हा आम्ही दोघांनी खोली पालथी घातली. दुसरी वायर नाही, छुपी जोडणी नाही. वीज साठवणारे भाग आत असतात, पण ते डोळ्याची पापणी लवेपर्यंत टिकतात. प्रिंटरची गिरणी चालवणं त्यांचं काम नाही. पुढे नोकरीत ओळखी झाल्या तेव्हा चांगल्या चांगल्या इंजिनिअरांना विचारलं. एकाने विचार करून सांगितलं की मॅडम, तुमची आठवण चुकत असेल. दुसऱ्याने विषय बदलला. मेनूचं मी समजू शकते, अडतात आणि सुटतात. पण वायरीचं काय?

आबांना मात्र या प्रश्नात कधी प्रश्नच दिसला नाही. माझा पहिला पगार झाला त्या दिवशी मी त्यांना शेवटचं विचारलं, "आबा, जू काढल्यावर ते चाललं कसं?"

ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "जू काढलं म्हणून बैल लगीच बसतो व्हय? मालक रानात आसला तर त्यो बी हुबाच ऱ्हातो. तुझं काम व्हायचं होतं. तुझ्या औतानं ते बगितलं आसंल."

हे काही स्पष्टीकरण नव्हे, मला कळतं. दुसरं माझ्याकडे नाही. त्या कॉलेजात मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं, आणि दरवर्षी बारावीच्या वर्गात विजेच्या पहिल्याच तासाला फळ्यावर तेच वाक्य लिहिलं — परिपथ तुटला की प्रवाह शून्य. दरवर्षी ते लिहिताना माझा खडू थांबायचा आणि मला हसू यायचं. पोरी विचारायच्या, "मॅडम, काय झालं?" मी म्हणायचे, "काही नाही. लिहून घ्या, परीक्षेला हेच येतं."